जोडारणीचं माप

शिवणकाकूंचा कशावरच चटकन विश्वास बसत नसे. कापडवाला म्हणाला रंग जाणार नाही, की त्या त्याच्यादेखत कापडाचं टोक ओलं करून पांढऱ्या रुमालावर घासायच्या. गिऱ्हाईक म्हणालं, आता मी बारीक होणार आहे, की "हो का, बरं" म्हणायच्या आणि शिवणीच्या आत मुकाट्याने जास्तीचं कापड सोडायच्या. शिंपीकामात या जास्तीच्या कापडाला माया म्हणतात. पुढे अंग सुटलं तर शिवण उसवून कपडा मोठा करता यावा म्हणून ती ठेवायची. काकू ती सगळ्यांसाठी ठेवायच्या, कारण माणसाच्या बोलण्यावर त्यांचा काडीचा भरवसा नव्हता.

पुढच्या खोलीत दोन मशिनं, एका जुन्या दाराचं केलेलं कटिंगचं टेबल, आणि खिडकीतून दिसणारं समोरचं सायकलचं दुकान, एवढा त्यांचा कारखाना. काजं, बटणं आणि हातशिलाई धाकटी जाऊ करायची. ती वरच्याच मजल्यावर राहायची आणि जिभेने सुईपेक्षा टोकदार होती. बरीच वर्षं दोघींनी शाळेचे गणवेश शिवले. मग एक दिवस मुखवटेवाला उगवला. हा स्पंजाच्या पाट्या कापून, चिकटवून, रंगवून अंतराळवीरांची शिरस्त्राणं करायचा, आणि त्याला शिरस्त्राणाखालचा माणूस झाकायला कोणीतरी हवं होतं. शहरात वर्षातून एकदा चित्रकथा आणि संगणकावरचे खेळ यांच्या चाहत्यांचा मेळावा भरायचा. तिथे चांगली नोकरीधंद्याची माणसं कुणी परग्रहावरचा सेनापती, कुणी यंत्रमानव होऊन फिरत. त्यांचे कपडे काकू शिवू लागल्या, आणि बघता बघता गणवेश मागे पडले.

काकूंनी त्या कथांमधली एकही वाचली नव्हती. पण त्यांना सगळे वीर शिवणींवरून ओळखता यायचे, आणि त्यांच्याबद्दल त्यांचं मत काही बरं नव्हतं.

"हा विश्वाचा रक्षणकर्ता," त्या चित्र डोळ्यांपासून लांब धरून म्हणायच्या, "याला पाठीमागून चेन. पुढे काही नाही. मग याला लघवीला जायचं झालं तर? शत्रूला सांगणार, थांब जरा, माझी चेन काढ?"

पाठीवर पायघोळ झगा घेऊन फिरत्या यंत्रांजवळ लढणाऱ्यांना तर त्या सरळ मूर्ख म्हणायच्या. खलनायक त्यांना त्यातल्या त्यात पसंत होते, कारण त्यांच्या कपड्यांना खिसे असत. मुखवटेवाला ही वाक्यं चाहत्यांच्या गटात जाऊन सांगायचा आणि तिकडे लोक हसून बेजार व्हायचे. काकूंना वाटायचं, तो शिलाई कमी करून घेण्यासाठी लाडीगोडी लावतोय.

काकूंचे यजमान लिफ्ट दुरुस्त करायचे. हत्यारांची पिशवी वर्षानुवर्षं डाव्या खांद्याला लटकवून तो खांदा खाली उतरला होता, तो उतरलाच. माणूस अबोल. कामावरून आले की हातपाय धुवायचे, चहा घ्यायचे आणि पलंगाखालची ट्रंक ओढायचे. ट्रंकेत 'निरोप्या' या चित्रकथेचे जुने अंक होते. हा निरोप्या म्हणे ग्रहाग्रहांवर निरोप पोचवतो. दर अंकात मरता मरता वाचतो आणि निरोप काही चुकवत नाही. मागे एकदा यजमान काकूंना म्हणाले होते, "या वर्षी चल ना मेळाव्याला. नुसतं बघायला."

"मी शिवते, मिरवत नाही," काकू म्हणाल्या होत्या. "आणि या वयात सोंगं काढायची? लोक काय म्हणतील?"

त्यांनी परत कधी विचारलं नाही. काकूही विसरून गेल्या.

त्या वर्षी मेळावा जवळ आला तसा मुखवटेवाला एका जोडीची मापं घेऊन आला. जोडी म्हणजे निरोप्या आणि त्याच्या यानावरची जोडारीण, म्हणजे यंत्रं दुरुस्त करणारी बाई. गिऱ्हाईक समोर येणार नव्हतं. त्यात नवल काही नव्हतं, कितीतरी लोक लाजायचे. मुखवटेवाला तोंडाने मापं सांगत गेला आणि काकू नेहमीप्रमाणे टेबलावर खडूने आकडे मांडत गेल्या. आधी पुरुषाची. छाती, पोट, बाही. मग तो म्हणाला, "आणि काकू, डावा खांदा उजव्यापेक्षा अर्धा इंच खाली आहे, तेवढं सांभाळून घ्या."

काकूंचा खडू थांबला.

खाली उतरलेला खांदा पुष्कळांचा असतो. पण मान तेवढीच, मनगट तेवढंच जाड, उजवी बाही तशीच जराशी लांब? हे अंग त्यांनी लग्नापासून शिवलं होतं. अंधारात कात्री दिली असती तरी कापलं असतं.

"कोण आहे हे गिऱ्हाईक?" त्यांनी शक्य तितक्या साध्या आवाजात विचारलं.

"गटात त्यांना 'जुना वाचक' म्हणतात," मुखवटेवाला खिडकीबाहेर बघत म्हणाला. "दर रविवारी फोनवरून सगळ्यांना भाषण देतात. फार मानतात लोक त्यांना."

"आणि ही बाई?"

"ते मला नाही माहीत, काकू."

त्याने ते इतक्या घाईने सांगितलं, की काकूंना कळलं, याला माहीत आहे. त्यांनी बाईची मापं खडूने मांडली, मुखवटेवाल्याला वाटेला लावलं आणि टेबलाकडे बघत उभ्या राहिल्या. पाठ रुंद. कंबर जाड. हात आखूड. पोट पुढे.

"बाई आहे का पिंप?" त्या म्हणाल्या.

जाऊ काज करत होती. तिला असं हसू आलं, की सुई बोटात घुसली.

"हसतेस काय? तुझ्या भावजींचे धंदे आहेत हे. ही मापं त्यांची, आणि ही त्यांच्याबरोबरच्या भवानीची."

जाऊने बोट तोंडात घातलं आणि जराशाने म्हणाली, "जाऊबाई, पाणी कुठेतरी मुरतंय खरं."

झालं. आगीत तेल पडलं.

आता संशय घेणाऱ्याला रोज काहीतरी सापडतंच. काकूंना तर ढीगभर सापडलं. त्यांची टेप त्या नेहमी पितळी टोक आत घालून गुंडाळायच्या. मागच्या रविवारी दुपारची झोप काढून उठल्या तेव्हा ती उलटी गुंडाळलेली होती, पितळ बाहेर. तेव्हा त्यांनी जाऊला रागे भरलं होतं. आता त्यांना उलगडा झाला: माझ्याच टेपने तिची मापं घेतली. माझ्याच! त्याच दिवशीच्या आपल्या झग्यावर, खांद्यापाशी आणि पाठीवर त्यांना निळ्या खडूचे पुसट ठिपके दिसले होते. निळा खडू त्या आठवड्यात त्यांनी हातात धरला नव्हता. म्हणजे त्या बाईला लावला, तिथून यांच्या हाताला आला, आणि यांच्या हातून माझ्या अंगाला. तळपायाची आग मस्तकात गेली.

पुढच्या रविवारी दुपारी त्या झोपल्या नाहीत. डोळे मिटून पडून राहिल्या. यजमान पाय न वाजवता गॅलरीत गेले, दार लोटून घेतलं आणि फोनवर बोलू लागले. घरात दहा शब्दांत दिवस काढणारा हा माणूस तिथे घडाघडा बोलत होता. काकू दाराला कान लावून उभ्या राहिल्या.

"नाही, नाही, मला हे मान्यच नाही," ते सांगत होते. "ती अंगाने भरलेलीच हवी. तिची कंबर काढून घेतली तर ती ती उरतच नाही. तुम्हाला काडीसारखी हवी असेल, मला नको आहे. मी तिला पहिल्यापासून बघतोय. असली बाई एकदा घरात, म्हणजे यानात असली, की माणसाला कशाची भीती नाही."

काकू भिंतीला टेकल्या. माझ्याशी बोलायला यांना शब्द सापडत नाहीत आणि तिच्यावर भाषणं. शिवाय चारचौघांत, फोनवर.

सरळ का नाही विचारलं, असं कोणीही म्हणेल. जाऊही म्हणाली. कापडाच्या गठ्ठ्याला, दुकानदाराला, अख्ख्या जगाला तोंडावर विचारणाऱ्या बाईने नवऱ्यापुढे मूग गिळले, ते भीतीने. विचारलं आणि ते "हो" म्हणाले तर? मग काय करायचं, हे काकूंना माहीत नव्हतं. रात्री त्यांच्या शेजारी पडून त्यांच्या श्वासाचा अंदाज घ्यायच्या आणि सकाळी उठून चहा द्यायच्या. एवढं एकटं त्यांना आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

काम मात्र नाकारलं नाही. निरोप्याचा राखाडी पोशाख त्यांनी शिवला, आणि हात सवयीने चालला. डाव्या खांद्यात पातळशी गादी घातली, दोन्ही कुशींना नेहमीसारखी भरपूर माया ठेवली, कारण यांचं पोट हिवाळ्यात सुटतं. मग गंजाच्या रंगाचं जोडारणीचं कापड टेबलावर पसरलं. खडूने मापाबरहुकूम आखलं. कात्री उचलली, आणि आखलेल्या रेघेच्या आत, बोटभर आत, कापत गेल्या. कंबरेत कापलं, पाठीत कापलं, बाहीत कापलं. शिवून झाल्यावर आतली माया झाडून सगळी छाटून टाकली. म्हणजे उसवून मोठा करायची सोयच नाही. असं त्यांनी शाळेतल्या सगळ्यात उद्धट पोराच्या चड्डीचंही केलं नव्हतं. मन खात होतं, पण हात थांबेना.

"मिरव म्हणावं आता," त्या म्हणाल्या.

जाऊचा चेहरा या वेळी पडला. "अहो जाऊबाई, हे काय केलंत?"

"तुला का तिचा पुळका?"

जाऊने तो प्रश्न टाळला आणि म्हणाली, "पकडायचं तर रंगेहाथ पकडू. मेळाव्यालाच जाऊ आपण."

मेळाव्याच्या दिवशी यजमान सकाळीच निघाले. कुठल्याशा इमारतीत लिफ्ट अडकली आहे म्हणाले. हत्यारांची पिशवी मात्र दारामागेच राहिली होती. काकूंनी ती पाहिली, चपला घातल्या, आणि सवयीने कात्री-दोऱ्याची डबी पिशवीत टाकली.

मोठा हॉल माणसांनी आणि माणसांपेक्षा भलत्याच गोष्टींनी भरला होता. चार हातांचे सेनापती सरबत पीत होते. एक यंत्रमानव जिन्यावर बसून गुडघा चोळत होता. निम्म्या पाठी काकूंनी शिवलेल्या होत्या. त्यांना बघून कुणीतरी ओरडलं, "शिवणकाकू आल्या!" आणि तीनचार विश्वरक्षक आपापली मागची चेन दाखवायला धावले. काकूंचं लक्ष नव्हतं. त्या खांदे बघत होत्या.

खांबापाशी तो दिसला. राखाडी पोशाख, डोक्यावर शिरस्त्राण, गादी घालूनही डावा खांदा जरा खाली. बाकावर एकटाच बसलेला, मांडीवर गंजाच्या रंगाचं गाठोडं. शेजारी बाई नव्हती. काकू तरातरा गेल्या आणि शिरस्त्राणावर टकटक केलं.

त्यांनी ते काढलं. केस घामाने चिकटले होते. काकूंना बघून ते घाबरले नाहीत, उलट त्यांचा जीव भांड्यात पडला.

"आलीस? मला वाटलं, धाकटीला जमत नाही तुला आणणं."

काकूंनी वळून जाऊकडे बघितलं. जाऊ छताकडे बघत होती.

"ती कुठाय?" काकूंनी विचारलं.

"कोण ती?"

"जिचा हा पोशाख आहे ती."

"अगं, तुझाच आहे," ते म्हणाले आणि गाठोडं पुढे केलं.

"खोटं बोलू नका. मापं मी स्वतः मांडली आहेत. ही मापं माझी नाहीत."

आणि हे त्या अगदी मनापासून म्हणाल्या. कारण जन्मभर दुसऱ्यांच्या अंगाला टेप लावणाऱ्या या बाईने स्वतःच्या अंगाला ती कधी लावलीच नव्हती. नवा झगा शिवायचा झाला की जुना झगा कापडावर पसरायचा, घट्ट व्हायला लागल्यासारखा वाटला असेल तिथे थोडं सैल धरायचं आणि कापायचं. तो जुना त्याच्याही आधीच्या जुन्यावरून. आकडा असा कधी टेबलावर आलाच नाही. मनातल्या मनात त्या अजून लग्नातल्या होत्या.

"तू रविवारी दुपारी झोपली होतीस तेव्हा घेतली," यजमान म्हणाले. "कुशीवर वळलीस, म्हणून कंबर परत घ्यावी लागली. खुणेला निळा खडू लावला, तो पुसायला विसरलो."

उलटी टेप. निळे ठिपके. सुई बोटात जाईपर्यंत हसणारी जाऊ. पिंप. काकूंच्या डोळ्यांसमोर एकेक गोष्ट येऊन उभी राहिली आणि त्यांना कुठे तोंड लपवू असं झालं.

यजमान आपलं सांगतच होते. घरी साठवलेलं सगळं एकदम बाहेर पडत होतं. पहिल्या अंकांत यानाला भोक पडतं आणि सगळी हवा निघून जायला लागते. निरोप्या काय करावं ते न सुचून उभा राहतो. तेव्हा यानाची दुरुस्ती करणारी ही जोडारीण त्या भोकाला पाठ लावून बसते, आणि मदत येईपर्यंत हलत नाही. पदक मिळतं निरोप्याला. आता या कथेवर खेळ काढला, तर खेळ करणाऱ्यांनी तिला काडीसारखी केली, का तर म्हणे बोगद्यातून पळताना बरी दिसते. "असली काडी पाठ लावून बसली तर हवा थांबेल का, तूच सांग. दर रविवारी भांडून दमलो. म्हटलं, नुसतं सांगून काय होतंय, दाखवावी. जोडीच्या फेरीत नाव दिलंय आपलं. तुला आधी विचारलं असतं तर तू आलीच नसतीस."

काकूंनी गाठोडं घेतलं. पडद्यामागे जाऊन अंगात घातलं. घातलं म्हणजे, जिथपर्यंत गेलं तिथपर्यंत. पाठ आवळली. हात कोपरात वाकेना. पोटावर चेन येऊन थांबली ती थांबलीच. कुठे किती बोटं आत कापलं, ते त्यांना न बघता कळत होतं, कारण तिथे तिथे ते रुतत होतं.

"होतोय ना?" पडद्याबाहेरून यजमानांनी विचारलं.

"नाही होत, भावजी," जाऊ म्हणाली.

मग ते म्हणाले, "माझंच माप चुकलं. लिफ्टचे दोर मोजणारा माणूस मी, आणि एवढं जमलं नाही. राहू दे. काढून टाक. तुला त्रास होत असेल."

काकू रडल्या नाहीत, पण डोळे भरले. मग त्यांनी नाक ओढलं आणि म्हणाल्या, "आत या. आणि हात वर करा."

ते आत आले. काकूंनी त्यांच्या राखाडी पोशाखाची एक कूस उसवली, आतली माया कात्रीने पट्टी करून काढून घेतली आणि कूस परत टाचून टाकली. जाऊने दुसरी बाजू धरली. मग जोडारणीच्या दोन्ही कुशी बाहीच्या कोपरापासून काखेतून थेट कंबरेपर्यंत फाडल्या आणि त्यात राखाडी पट्ट्या बसवल्या. दोघी दोन बाजूंनी टाके घालत होत्या, आणि यजमान हात वर करून उभे होते, कारण खाली करा असं कुणी सांगितलं नव्हतं. फेरीला नावं पुकारली तेव्हा शेवटचा टाका दातांनी तोडला. चेन वर गेली.

मंचावर जुना वाचक आणि त्याची जोडारीण आली तसा हॉल गरजला. काकूंना दिव्यांमुळे पुढचं काही दिसत नव्हतं. टाळ्या थांबल्यावर मात्र तेच झालं जे अशा ठिकाणी होतं. पुढच्या रांगेतल्या एका सेनापतीने चारांपैकी एक हात वर केला.

"जुने वाचक, पोशाख अगदी पहिल्या अंकांतला आहे. पण बाजूची राखाडी पट्टी? जोडारणीला राखाडी पट्टी कुठल्या अंकात आहे?"

सगळ्या अंकांचा हिशेब ज्याच्या तोंडी होता, त्याची अशी परीक्षा आजवर कोणी घेतली नव्हती. यजमान माइकपाशी वाकले.

"कुठल्याच अंकात नाही," ते म्हणाले. "चूक माझी आहे. माप मी घेतलं होतं. कमी घेतलं गेलं."

लोक कुजबुजले. कोणीतरी हळहळलंसुद्धा. काकूंनी माइक ओढून घेतला.

"माप बरोबर होतं," त्या म्हणाल्या. "तसूभरही चुकलेलं नव्हतं. कपडा मी कमी कापला. मुद्दाम."

"का पण, काकू?" सेनापतीने विचारलं.

"मला ती बाई आवडली नव्हती."

हॉलमध्ये लगेच वाद पेटला. कोणी म्हणालं, बरोबर आहे, जोडारीण मधल्या अंकांत जरा आगाऊच वागते. कोणी म्हणालं, छे, ती चूक नव्या लेखकाची. पडद्याच्या कडेला जाऊ तोंडात रुमाल कोंबून उभी होती.

यजमान काकूंकडे बघत राहिले. हळूहळू त्यांच्या ध्यानात आलं. मागचे कितीतरी दिवस चहाचा कप पुढ्यात आपटला जात होता तो का, फोनवर बोलून आल्यावर गॅलरीचं दार अर्धवट उघडं का असायचं, आणि आपली बायको कुणावर, किती जळत होती. त्यांचा खाली उतरलेला खांदा हलायला लागला. ते हसत होते का, हे शिरस्त्राण काखेत असूनही नीट कळेना, कारण डोळे पुसत होते.

"मग आता आवडते का?" माइकपासून तोंड बाजूला घेऊन त्यांनी विचारलं.

काकूंनी हात कोपरात वाकवून बघितला. आता वाकत होता.

"आता बघू," त्या म्हणाल्या.